उंबऱ्याबाहेरचा बंदोबस्त

सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात, आणि ते जेथे सपाटीला लागतात त्या पायथ्याच्या मुलखात, अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून आपला बराचसा भार मोकळा करतात. वैभववाडी तालुक्याचे हे भौगोलिक स्थान ज्याच्या ध्यानात आहे, त्याला येथील घरात पावसाचे पाणी का शिरते याचा निम्मा उलगडा आधीच झालेला असतो. कारण येथे पाणी दोन वाटांनी चालून येते. पश्चिमेकडून ते वाऱ्याबरोबर तिरपे, झडीच्या रूपाने येते. पूर्वेकडून, डोंगराच्या उतरणीवरून, जमिनीच्या अंगाने वाहत येते. राहत्या घरासाठी या दोहोंची तजवीज पूर्वजांनी करून ठेवली होती: जोते उंच बांधले, पडवी फिरवली, छपराची वळचण भिंतीपासून दूर पुढे काढली आणि आगोटीच्या सुमारास वाऱ्याच्या अंगाला चुडतांचे झाप बांधण्याचा परिपाठ घालून दिला. परंतु चाकांना पायऱ्या चढता येत नाहीत. त्यामुळे गाडी ठेवण्याची जागा जमिनीच्या पातळीवर राहिली आणि घराला लाभलेले संरक्षण तिच्या वाट्याला आले नाही.

ज्याला आज आपण गॅरेज म्हणतो, ते या भागात बहुधा जुन्या मांगराचे नवे रूप असते. कोठे गोठ्याची एक बाजू मोकळी करून तिला शटर बसवलेले असते, कोठे घराच्या भिंतीला टेकवून पत्र्याचा उतरता मांडव उभारलेला असतो, तर कोठे चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या मुलाच्या मोटारीसाठी जांभ्या चिऱ्याच्या चार भिंती स्वतंत्र बांधलेल्या असतात. एरवी त्यात दुचाकी, भाताच्या कणग्या, खताची पोती आणि पॉवर टिलर यांचा मुक्काम असतो. पहिल्या मोठ्या पावसात या खोलीत बोटभर पाणी साचले, की गृहस्थ बाजारातून जलरोधक रसायनाचा डबा आणतो, फटी बुजवतो, कोबा नवा करतो आणि पुढील आषाढात पुन्हा पोती उचलतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, उंबऱ्यापाशी येऊन पोहोचलेल्या पाण्याशी झगडणे हे नेहमीच खर्चाचे आणि बहुधा निष्फळ ठरते. तेच पाणी दहा-पंधरा फूट अलीकडे वळवण्यास एक कुदळ, एक फावडे आणि दोन दिवसांची मजुरी पुरते.

हे मत केवळ अनुमानावर आधारलेले नाही, त्यामागे अगदी साधा हिशेब आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. गॅरेजचे छप्पर सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, म्हणजे १८ चौरस मीटरांचे धरले आणि चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटर पाऊस झाला, ज्या आकड्यापासून हवामान खाते अतिमुसळधार पावसाची गणना करते, तर त्या छपरावर सुमारे २,१०० लिटर पाणी पडते. आता गॅरेजच्या वरच्या अंगाला असलेले अंगण, परसू आणि उतरती जमीन मिळून २०० चौरस मीटर भरते असे समजा. त्याच दिवशी त्या जमिनीवर २३,००० लिटरांहून अधिक पाणी पडते. जून महिन्यात कोरडी जमीन त्यातले काही पिऊन टाकते. पण पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांपर्यंत जमीन तुडुंब होते, आणि मग पडलेले जवळजवळ सर्व पाणी उताराने दाराकडे धावते. छपराच्या गळतीची चिंता आपण अधिक करतो, कारण ती डोळ्यांना दिसते आणि डोक्यावर पडते. प्रत्यक्षात खरा शत्रू जमिनीवरून येत असतो.

म्हणून खर्चाचा विचार करण्यापूर्वी पाण्याची वाट नक्की करावी. त्यासाठी चुलीतली चाळलेली राख किंवा चुन्याची भुकटी शटरच्या आतल्या बाजूला, भिंतींच्या कडेने आणि खोलीच्या मध्यभागी पातळ पसरावी आणि पहिल्या जोरदार सरीत बॅटरी घेऊन अर्धा तास तेथे उभे राहावे. पाणी शटरखालून एकदम सर्व रुंदीभर येत नाही. शटरची उभी लोखंडी पट्टी जेथे जमिनीला टेकते त्या कोपऱ्यात प्रथम राख काळवंडते, मग तेथून एक बारीक जीभ आत सरकते, कोब्यातला थोडासाही सखल भाग शोधते आणि तेथे थांबून पसरते. पाऊस ओसरल्यावर तांबड्या गाळाच्या कमानी जमिनीवर वाळून राहतात, त्यांचा फुगवटा ज्या दिशेला असतो त्या दिशेने पाणी गेले असे समजावे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पायथ्यापासून हात-दीड हात उंचीचा तांबडा पट्टा दिसत असेल, तर ती पागोळ्यांनी उडवलेली माती होय. आणि कोठूनही ओघळ दिसत नसताना मध्यभागीची राखच ओली होत असेल, तर पाणी खालून येत आहे. या शेवटच्या प्रकाराची खातरजमा करायची असल्यास कोरड्या जमिनीवर एक-दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दिवसभर तसाच ठेवावा. खालच्या अंगाला दव जमले तर ओल जमिनीतली, वरच्या अंगाला जमले तर ती हवेतली. या सर्व परीक्षेला पैसा लागत नाही, आणि ती केल्यावाचून गवंड्याला बोलावणे हा पैशाचा अपव्यय आहे.

जमिनीवरून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त वरच्या अंगालाच व्हावा. गॅरेजच्या मागे चढण असेल तर भिंतीपासून दहा-बारा फूट वर, उताराला आडवा, हातभर रुंद आणि वीतभर खोल असा चर खणावा. त्याचे तोंड किंचित उताराने एका बाजूला न्यावे आणि तेथून पाणी वहाळाला किंवा सखल मळ्याला सोडावे. खणलेली माती चराच्या खालच्या बाजूला टाकून तिचा बांध घालावा आणि त्यावर गवत रुजू द्यावे, म्हणजे तोच दुसरी फळी होतो. भाताच्या कुणग्यातले पाणी कोठून सोडावे हे ज्याला उपजत कळते, त्या शेतकऱ्याला हे शिकवण्याची आवश्यकता नाही. फक्त शेतातले ते ज्ञान घराच्या मागे वापरावयाचे आहे. चराला उतार पुरेसा आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन टोकांना दोन माणसांनी धरली म्हणजे पातळीतला बोटभर फरकही कळतो. शंभर फुटांत एक फूट इतका उतार चरास पुरे होतो. फार तीव्र उतार दिल्यास पाणी चराचा तळच खणून काढते.

येथे एका गंभीर गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मोटारीला जागा हवी म्हणून घरामागची दरड उभी कापण्याची प्रवृत्ती पायथ्याच्या गावांतून वाढली आहे. २२ जून २००३ च्या रात्री याच वैभववाडीजवळ, कोकण रेल्वेच्या मार्गावरील कापलेल्या दरडीतून पावसाने कोसळलेल्या दगडमातीवर कारवारहून मुंबईकडे निघालेली विशेष गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर रेल्वेने ठिकठिकाणी दरडींचे उतार सौम्य केले, दगडांवर जाळ्या टाकल्या. दरडीच्या माथ्यावरचे पाणी दरडीवर येऊ न देता वरच्यावर चराने बाजूला काढावे, हा रेल्वेच्या अभियंत्यांचा जुना दंडक आहे, आणि खासगी घरालाही तो तंतोतंत लागू पडतो. उभी कापलेली दरड, तिच्या माथ्यावर चर नाही आणि खाली गॅरेज, अशी स्थिती असेल तर प्रश्न ओल्या पोत्यांचा नसून जीविताचा आहे. तेथे काटकसर करू नये आणि जाणकाराचा सल्ला घेतल्यावाचून आणखी एक टोपलीही माती काढू नये.

रस्त्याच्या बाजूने येणाऱ्या पाण्याची कथा निराळी आहे. रस्त्यावर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, त्याची पातळी वाढत जाते, आणि एकेकाळी रस्त्याहून उंच असलेले अंगण हळूहळू त्याच्या खाली जाते. त्यात भर म्हणून, मोटार आत घेता यावी यासाठी घरासमोरच्या गटारात एक अरुंद सिमेंटचा पाईप टाकून त्यावर मातीचा भराव केलेला असतो. वैशाखात तो पाईप अगदी पुरेसा भासतो. मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर फणस-आंब्याचा पाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि करवंट्या त्याच्या तोंडाशी येऊन बसतात, गटार तुंबते, आणि वरच्या आळीचे सर्व पाणी त्या भरावावरून, जणू त्यासाठीच बांधलेल्या उतारावरून, सरळ शटरकडे वळते. माझ्या पाहण्यात गॅरेजमध्ये पाणी शिरण्याची जी अनेक प्रकरणे आली, त्यांतील मोठ्या भागाचे मूळ खोलीत नव्हते, तर या पाईपाच्या तोंडाशी होते. यावर उत्तम उपाय म्हणजे पाईप काढून गटार उघडे करावे आणि त्यावर दोन माणसांना उचलता येतील अशा काँक्रीटच्या फरशा किंवा जाड सळ्यांची जाळी आडवी टाकावी, म्हणजे गाडीही जाते आणि गटार उपसताही येते. गटार सार्वजनिक असल्याने या कामाआधी ग्रामपंचायतीकडे, शहरात वाभवे-वैभववाडी नगरपंचायतीकडे, आणि रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर त्या खात्याकडे अर्ज देऊन रीतसर परवानगी घ्यावी. परवानगी हाती येईतो पाईपाच्या तोंडाशी तिरप्या सळ्यांचा गाळा बसवून दर सरीनंतर पाला ओढून काढणे एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहेच.

इतके करूनही जे पाणी दारापर्यंत येईल त्यासाठी शटरच्या बाहेर, हातभर अंतरावर, दाराच्या पूर्ण रुंदीभर आडवा चर असावा. विकतच्या तयार चराची किंमत सामान्य गृहस्थास जड जाते. पण चार इंची पीव्हीसी पाईप लांबीतून मधोमध कापून तो काँक्रीटमध्ये पन्हळीसारखा बसवला, दोन्ही कडांना चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या पट्ट्या घेतल्या आणि गावच्या वेल्डरकडून सळ्यांची जाळी करून वर ठेवली, की त्याच तोलाचे काम फार थोड्या पैशांत होते. जाळीचा भार पाईपावर न येता काँक्रीटच्या कडांवर यावा, नाहीतर पहिल्याच मोटारीखाली पाईप चेपतो. तीन मीटर लांबीत तीन सेंटिमीटर उतार द्यावा. या चराचे खरे मर्म मात्र त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडात आहे; ते तोंड चराहून सखल जागी उघडत नसेल, तर दारापुढे चर नसून एक लांबट हौद तयार होतो. पुष्कळजण पाणी शोषखड्ड्यात सोडतात. मुरमाड, उंच जमिनीत ते चालते. पण आषाढात ज्या जमिनीला उपळ फुटतात, तेथे खड्डा आधीच पाण्याने भरलेला असतो आणि आणखी थेंबही घेत नाही.

चराच्या आत, शटर जेथे टेकते त्या रेषेवर, सिमेंटचा एक ठेंगणा उंबरा करावा. त्याची उंची इंचभर पुरे. बाहेरचा उतार लांब आणि सौम्य ठेवावा, म्हणजे चाक सहज चढते. जुन्या कोब्यावर नुसता माल थापला तर तो वर्षभरात सुटतो, म्हणून टाचे मारून जमीन खडबडीत करावी, भिजवावी, सिमेंटचा घोळ फासावा आणि मगच माल चढवून आठवडाभर त्यावर पाणी मारावे. शटरच्या तळपट्टीला ट्रकच्या जुन्या ट्यूबची किंवा जाड रबराची चार बोटे रुंद पट्टी बोल्टांनी बसवावी. ती उंबऱ्यावर किंचित दबून बाहेरच्या अंगाला वळली पाहिजे. दोन कोपऱ्यांतले उभ्या पट्ट्यांचे पाय, जेथून पाण्याची पहिली जीभ आत येते, तेही त्याच उंबऱ्यात बुजवून घ्यावेत.

आता वाऱ्याच्या पाण्याकडे वळू. पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला तोंड असलेल्या शटरवर झड अशा वेगाने आदळते की दोन पट्ट्यांमधल्या बारीक फटींतूनही पाणी पाझरते. या फटी बुजवता येत नाहीत, बुजवल्यास शटर वर जाणार नाही. झडच दारापर्यंत पोहोचू देऊ नये, एवढाच मार्ग उरतो. दारावर लोखंडी घोड्यांचा आधार देऊन पत्र्याचा अडीच-तीन फुटांचा छज्जा काढावा आणि वाऱ्याच्या बाजूला त्याला एक उभा पाखा द्यावा. ज्याला तेवढाही खर्च झेपत नाही त्याने चुडतांचे झाप विणून घ्यावेत. माड स्वतःच्या परसात असेल तर त्याला केवळ श्रमाचे मोल पडते. ताडपत्री लावणारे ती ताणून घट्ट बांधतात आणि पहिल्या वावटळीत तिच्या कड्या उखडतात. झाप वारा थोडा आरपार जाऊ देतो आणि पाणी खाली निथळवतो, म्हणून या कामी मी त्याला ताडपत्रीहून श्रेष्ठ मानतो.

छपराविषयी थोडक्यात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यावर किनाऱ्यावर पसरलेली मंगलोरी कौले तीव्र उतार मागतात, आणि म्हणून जुनी छपरे तशी बांधली गेली; पत्रा आल्यावर उतार कमी करण्याचा मोह पडला, आणि सपाट पत्र्यावर वारा पाणी उलटे ढकलून जोडातून आत नेऊ लागला. पत्रे बसवताना आडव्या जोडाला किमान वीतभर चढ द्यावा. उभ्या जोडाचे तोंड वाऱ्याकडे येऊ नये, त्यासाठी पत्रे टाकण्यास वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून आरंभ करावा. खिळे किंवा हूक-बोल्ट नालीत नव्हे, तर पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, आणि दरवर्षी आगोटीपूर्वी त्यांचे डांबरी वॉशर तपासावेत. घराच्या भिंतीला टेकवलेल्या मांडवात गळती हटकून भिंतीच्या जोडातून होते. तेथे डांबर फासत बसण्यापेक्षा भिंतीत खाच पाडून पत्र्याची वाकवलेली पट्टी तीत रुतवावी आणि तिची दुसरी कड छपरावर वीतभर येऊ द्यावी. वळचणीला पन्हळ लावून तिचे पाणी वर सांगितलेल्या चरात सोडले, की पागोळ्यांनी उडणारी माती आणि भिंतीच्या पायथ्याचा ओलसरपणा दोन्ही कमी होतात. पन्हळ परवडत नसेल तर पागोळ्या पडतात त्या रेषेवर खडीचा हातभर पट्टा घालावा.

जांभ्या दगडाविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या दक्षिणेच्या प्रवासवृत्तात मलबारातील या दगडाचे वर्णन करताना, तो जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवेत आल्यावर कठीण होतो, असे नमूद केले होते. कठीण झाला तरी त्याची अंगची छिद्रे राहतातच. उघडा चिरा पाणी पितो आणि ते आतल्या अंगाला सावकाश सोडतो. म्हणून झडीच्या बाजूच्या भिंतीला तरी बाहेरून सिमेंटचा गिलावा द्यावा. आतून दिलेला गिलावा ओल थांबवीत नाही, फक्त काही काळ झाकतो आणि मग स्वतःच फुगून पडतो. जमिनीखालून पाणी येत असेल, तर डोंगराच्या बाजूला भिंतीपासून तीन-चार फुटांवर गुडघाभर खोल चर खणून त्यात तळाशी भोकांचा पाईप आणि वर खडी भरावी. अमेरिकेतील हेन्री फ्रेंच यांनी १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर लिहिलेल्या ग्रंथामुळे अशा निचऱ्याला त्यांचे नाव जगभर मिळाले. आमच्याकडे पाईपाऐवजी नुसते गोटे भरूनही तेच कार्य पुष्कळ प्रमाणात साधते. हे काम पायाला खेटून करू नये, कारण जुन्या मांगरांचे पाये फारसे खोल नसतात.

पाणी पूर्णपणे अडवण्याच्या भरात खोली हवाबंद करण्याचा दोष टाळावा. भिजून आलेली गाडी बंद खोलीत उभी केली, तर तिच्या अंगावरचे पाणी हवेत मिसळते, सुटण्यास वाट मिळत नाही, आणि आठ दिवसांत बैठकीवर बुरशी व पत्र्याच्या सांध्यांत गंज धरतो. वळचणीखाली समोरासमोरच्या भिंतींत जाळीचे झरोके ठेवावेत, उघडीप पडेल त्या दिवशी शटर अर्धे वर करावे. खताची पोती, बियाणे आणि कागदपत्रे फळ्यांवर वीतभर उंच ठेवावीत, विजेची बटणे आणि प्लग कमरेच्या वर घ्यावेत.

पाणी वळवताना ते कोणाच्या हद्दीत जाते याचे भान ठेवले नाही, तर चराचा कज्जा होतो आणि तो चराहून कितीतरी महाग पडतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेले आणि ठरावीक पाटाने न वाहणारे पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीत उतरू देणे खालच्या मालकाला भाग आहे, आणि शेतजमिनीवरून असे वाहणारे पाणी कोणी बेकायदा अडवून नुकसान करीत असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये मामलेदारास तो अडथळा दूर करण्याचा अधिकार आहे. परंतु पसरून येणारे पाणी एका पाईपात गोळा करून शेजाऱ्याच्या गडग्यावर धो धो सोडणे या संरक्षणात बसत नाही. चर खणण्यापूर्वी शेजाऱ्याला सोबत घेऊन जागा दाखवावी. बहुतेक वेळा त्याच्याही परसात तेच पाणी येत असते आणि दोघांचा मिळून एकच चर वहाळापर्यंत नेता येतो. अशी वहिवाट ठरली की ती साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

कामाच्या वेळेविषयीही थोडे सांगावेसे वाटते. मातीचे चर, गटाराचा उपसा आणि झाप ही कामे वैशाखअखेर व्हावीत. सिमेंटच्या कामाला सुकण्यास आणि पाणी मारण्यास अवधी लागतो, म्हणून ती चैत्रातच उरकावीत. ज्याच्यापाशी पैसा अगदीच थोडा आहे त्याने यंदा फक्त वरचा चर आणि रस्त्याचे गटार पाहावे, पुढल्या वर्षी दारापुढचा चर आणि उंबरा करावा, आणि छज्जा व गिलावा त्यानंतर हाती घ्यावा. श्रावणात पावसाचा जोर ओसरत असताना राखेची परीक्षा पुन्हा एकदा करावी, उरलेल्या ओघळांच्या जागी भिंतीवर कोळशाने खुणा कराव्यात, आणि भातकापणी आटोपून मजूर व गवंडी मोकळे झाले की त्या खुणा दाखवून पुढील कामाचा अंदाज घ्यावा.